गुरुवारी मला घराबाहेर काढतात

५ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. सात वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र बाजूला टाकू नका, आधी वाचा. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी होती म्हणून वापरला, तुम्हाला हलकं लेखायचा हेतू नाही.

तुमच्या भावाचा आग्रह म्हणून लिहिते आहे. ते बरे आहेत. छापखाना सुटला तरी मुद्रितं तपासायची सवय सुटलेली नाही. सकाळी ठकीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतात, वर्तमानपत्रातल्या एकेका ओळीखालून बोट फिरवत मोठ्यानं वाचतात आणि छपाईतली चूक सापडली की बक्षीस लागल्यासारखे चहा मागतात. ठकीही बरी आहे. एकतिसावं लागलं तिला. वजन वाढलंय. पाठीला, टाचांना कुठेही जखम नाही. हे तुम्हाला मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही एवढी वर्षं रुग्णालयात मेट्रन होता आणि पहिल्यांदा पाठच बघाल.

इथे एक नवीन प्रकार सुरू झाला आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत 'सोबत' म्हणून मंडळ निघालं आहे. ज्या घरात आमच्या ठकीसारखं, हातपाय आणि जीभ ताब्यात नसलेलं माणूस आहे, त्या घरी आठवड्यातून एक दुपार मंडळाची बाई येऊन बसते. तीन तास. पैसे घेत नाहीत. त्यामुळे माझी पंचाईत झाली, रोजच्या हिशेबात हे तीन तास जमेला धरायचे की खर्चाला तेच कळेना. शेवटी काहीच लिहिलं नाही.

अट एकच. रोजचं करणारी जी असेल तिनं तेवढा वेळ घराबाहेर जायचं. आतल्या खोलीत नाही, जिन्यात नाही, बाहेर. दोनदा लवकर परतलं तर पाळी दुसऱ्या घराला.

मी म्हटलं, "हा कुठला न्याय? माझ्याच घरातून मला हाकलणार?"

येणारी बाई पूर्वी बसवर कंडक्टर होती. आवाज अजून तोच. म्हणाली, "ताई, तुम्ही उतरल्याशिवाय गाडी सुटत नाही." आणि माझ्या हातात माझ्याच चपला दिल्या.

बाहेर जाऊन करू काय? बाजार सकाळीच झालेला. उगाच दुकानात शिरलं की काहीतरी घेतलं जातं. ओळखीच्यांकडे जावं तर "ठकीला कुणाजवळ ठेवलंत?" हे आलंच. समोरच्या इमारतीत दाताचा दवाखाना आहे, तिथे पंखा आहे, बाक आहे आणि आमची खिडकी समोर दिसते. तिथे जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथल्या मुलीनं विचारलं, "कुठला दात?"

"खालचा. डावीकडचा."

"वेळ लागेल हां. आधी सहाजण आहेत."

"लागू दे, मला घाई नाही."

दात दुखत असताना घाई नसलेली बाई तिनं बहुधा पाहिली नसावी. मनात देवाला म्हटलं, खोटं बोलले ते दातापुरतं, तेवढं पदरात घे.

तेवढ्यात आमची खिडकी उघडली. जी मी थंडीत कधी उघडत नाही ती, सताड. आणि खिडकीत ठकी, खुर्ची अगदी गजांना टेकवलेली. मी उठले ती रस्ता ओलांडून, जिना चढून घरात. धाप लागलेली.

कंडक्टरबाईनं घड्याळाकडे पाहिलं नाही की मला काही विचारलं नाही. "एक झालं," एवढंच म्हणाली. ठकीनं माझ्याकडे बघून मान फिरवली. ती मान एकदा वळली की लवकर परत येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी हरले असं समजू नका. तीन तास म्हणजे तुम्ही म्हणत होता ती संस्था नव्हे.

तुमची भावजय


२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. तीन ओळी, त्यातली एक 'खिडकी उघडी ठेवा, फुप्फुसांना चांगलं' अशी. सात वर्षांनी बाकी कुणाला एवढंच सुचलं नसतं. ह्यांनी तीही बोट फिरवून वाचली आणि म्हणाले, "चूक नाही एकही." खिडकी उघडी ठेवते आहे.

आता नीट वाचा, कारण हे मला कुणाला सांगता येत नाही.

मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच, दुसऱ्या गुरुवारी, कंडक्टरबाईनं एक पुठ्ठा आणला होता. त्यावर ओळींनी अक्षरं लिहिलेली. आपण एकेका ओळीवर बोट ठेवत जायचं. हवी ती ओळ आली की ठकीनं वर छताकडे बघायचं. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, तसंच. एक शब्द व्हायला चहा उकळून निवेल एवढा वेळ लागतो. मी म्हटलं, बाई, हिला वाचता कुठे येतं? शाळेचं तोंड नाही पाहिलेलं. मी मॅट्रिक झाले तेव्हा कुठे चार अक्षरं कळतात.

तिला येतं. सगळं येतं. तुमच्या भावाच्या बोटामागे बघत बघत वीस-पंचवीस वर्षं रोज एक वर्तमानपत्र वाचते आहे ती. तो माणूस शेजारी बसून नुसता चुका शोधत राहिला आणि मी स्वयंपाकघरात. कळलं तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला, आणि बाहेर जाऊन विनाकारण दोन वर्तमानपत्रं विकत घेऊन आले. मी त्याबद्दल काही बोलले नाही, यावरून काय ते समजा.

पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? मला वाटलं, आई म्हणेल. देवाचं नाव घेईल असंही वाटलं, रोज दिव्यापाशी तिला जवळ घेऊन म्हणते मी. ती म्हणाली, "रात्रीचं दूध नको."

वन्सं, जन्मल्यापासून देते आहे. कोमट करून, साखर घालून, चमच्या चमच्यानं. मी दर वेळी विचारते, "दूध घेणार ना माझी बाय?" आणि ती वर बघते. वर बघितलं की हो. पण 'ना' लावून विचारल्यावर कोण नाही म्हणतं?

कंडक्टरबाई तिला मॅडम म्हणते. "मॅडम, खिडकी की रेडिओ?" असं विचारते आणि गप्प बसते. मला तो गप्पपणा सोसत नाही. मी एकदा मधेच म्हटलं, "तिला खिडकीच हवी असणार." तर म्हणाली, "ताई, मी जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' करत आले. या वयात थांबायला शिकतेय, तर तुम्ही घंटी मारू नका." हे हसले. ठकी हसली. मी हसले नाही.

अजूनही काही म्हणाली ठकी. ते आज नको.

आज कशासाठी लिहायला बसले ते सांगते. काल मी बाहेर असताना कंडक्टरबाईनं तिला केळं भरवलं. कुस्करलं होतं, पण मान मागे पडलेली असताना भरवलं. ठसका लागला. मी वेळेवर परतले, अगदी वेळेवर, तरी दारातून तो आवाज ऐकला. पालथी धरली, पाठीत थापट्या मारल्या, निघालं. कंडक्टरबाई पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "चुकलं माझं. मान धरायला विसरले."

मी म्हटलं, "विसरायला माझ्या घरी जागा नाही." मंडळाच्या खोलीत जाऊन सांगून आले, आमची पाळी दुसऱ्या घराला द्या.

तर संपलं ते. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.


१९ मार्च

वन्सं,

तुम्ही उत्तर नाही पाठवलंत. बरोबर आहे, मी संपलं म्हणून लिहिलं होतं.

संपलेलं नाही.

गुरुवार आला की ठकी दुपारपासून दाराकडे बघत बसते. मी खुर्ची फिरवली तर डोळे तिरके करून दाराकडेच. आणि भरवायला बसले की तोंड मिटते. मऊ भात, शिजवून गाळलेलं सूप, तिच्या आवडीची पपई. म्हणजे मी आवडीची समजते ती. ओठ घट्ट. ह्यांनी भरवलं तर चार घास घेते, तेवढ्यावर चाललंय. मी रडले, रागावले, देवाची शपथ घातली. ती माझ्याकडे शांतपणे बघते, चिडलेलीही नाही. ते जास्त वाईट.

घरात मी बसू शकत नाही. भांडी घासलेली पुन्हा घासते. हे म्हणतात, "बस जरा, फरशी झिजेल." मी म्हणते, "झिजली तर तुम्ही चूक शोधा तिच्यात."

पुठ्ठा कंडक्टरबाई इथेच विसरून गेली होती. विसरली असेल किंवा नसेलही. मंगळवारी मी तो घेतला. ओळीवर बोट ठेवलं. माझं बोट पुढे पळतं, वन्सं, तिनं बघायच्या आत मी पुढच्या ओळीवर. ह्यांनी माझा हात धरून ठेवला, तेव्हा कुठे जमलं.

तिनं विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं. जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. "आत्या का येत नाही?"

तर मी तुम्हाला पहिलं पत्र कुणाच्या आग्रहावरून लिहिलं ते आता समजलं असेल. तुमच्या भावानं एका शब्दानं सुचवलेलं नाही. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, दोघींच्या मधे पडण्यापेक्षा ते विहिरीत पडतील.

मी ठकीला म्हटलं, आत्याशी भांडण झालं. कशावरून, तर म्हटलं, तुझ्यावरून. आत्या म्हणाली तुला संस्थेत ठेवा, मी म्हटलं या घरात पुन्हा पाऊल टाकू नका. तुझ्यासाठीच भांडले गं मी.

मग पुन्हा ओळी, पुन्हा अक्षरं. बराच वेळ. हे कागदावर लिहून घेत होते, जसं निघालं तसं तुम्हाला लिहिते:

"मी तिथेच होते. दोघींनी मला विचारलं नाही."

दोघींनी म्हणाली, वन्सं. तुम्हाला वेगळं आणि मला वेगळं काढलं नाही. आपण दोघी जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या, तुम्ही म्हणताय हिचं काय होणार, मी म्हणतेय मी आहे ना, आणि मधे ही बसलेली, गळ्याला रुमाल बांधून. तुमच्याकडे किती रोगी येऊन गेले आणि मी जन्म दिला, पण हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

दुसरी गोष्ट. कालची. न्हाणीघरात तिला उचलताना माझ्या उजव्या खांद्यात कट्कन आवाज झाला आणि हात लुळा पडला. ती घसरली. पूर्ण पडली नाही, मी गुडघा लावला, हे धावत आले, दोघांनी मिळून कसंबसं खुर्चीत घातलं. तिच्या कोपराला खरचटलंय. डॉक्टर म्हणतात, स्नायू कधीचाच फाटलेला होता, शस्त्रक्रिया करावी लागेल, दीड महिना काही उचलायचं नाही. मी विचारलं, आणि नंतर? ते म्हणाले, नंतर पेला उचला, माणूस नाही.

तर आता तुम्हीच सांगा काय करू. नाही, सांगू नका. सांगाल ते मला माहीत आहे.


४ एप्रिल

वन्सं,

तुमचं दोन पानी पत्र मिळालं. दुसऱ्या पानाच्या मधोमध तुम्ही लिहिलंत, 'तिला काय वाटतं ते आधी विचारा.' ही ओळ तुम्ही लिहाल असं मला वाटलं नव्हतं. ती ह्यांनी ठकीला वाचून दाखवली. बोट फिरवून.

मंडळाचं एक घर आहे. तळमजल्यावर, उंबरठे काढून टाकलेले. चार बायका राहतात, सगळ्या ठकीसारख्या नाहीत, एकीला दिसत नाही, एकीचे पाय नाहीत. रात्रंदिवस दोन मदतनीस. कुणाची आई आजारी पडली तर थोड्या दिवसांसाठी पाचवा पलंग देतात. मी बघून आले. कोपऱ्या-कोपऱ्यात बोट फिरवलं, धूळ नाही. चादरी आमच्या घरच्याइतक्या पांढऱ्या नाहीत. स्वयंपाकी बाईला विचारलं, "मान कशी धरायची माहीत आहे?" ती म्हणाली, "तुम्ही शिकवा." मला वाटलं होतं ती चिडेल. मग भांडायला काही राहिलंच नाही.

कंडक्टरबाईला मी निरोप पाठवला. दारात उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, "या, गाडी थांबलीय." मग आली. तिला ठकीच्या मागे उभं करून मान कशी धरायची, चमचा कुठून आणायचा, गिळलं की घसा कसा हलतो, सगळं दाखवलं. तिच्या हातानं ठकीनं वाटीभर भात खाल्ला. माझ्या हातानं किती दिवसांत खाल्ला नव्हता. मी दुसरीकडे तोंड करून पाणी प्यायले.

मग विचारलं. आधी मी 'तुला आईजवळच राहायचंय ना' असं सुरू केलं, तर ह्यांनी खाकरून दाखवलं. पुन्हा विचारलं. मला शस्त्रक्रिया आहे. घरी एक बाई ठेवता येईल, किंवा तू त्या घरी जाऊ शकतेस. तुला काय हवं?

आणि गप्प बसले. देवाची प्रार्थनासुद्धा केली नाही, वन्सं, कारण केली असती तर एकाच बाजूनं केली असती.

"जाते," म्हणाली. आणि थांबून, "कंडक्टरबाई येईल का?"

मला वाटलं होतं 'नाही' म्हणेल. मग मी हात तसाच फाटका ठेवून तिचं करत राहिले असते, आणि देवाची सेवा म्हणून मिरवलं असतं. तशी तयारी करूनच विचारलं होतं.

तुमचं खरं झालं असं मात्र समजू नका. तुम्ही 'ठेवा' म्हणाला होता. ती गेली आहे.


२४ मे

वन्सं,

अक्षर बघून चमकला असाल. हात गळ्यात बांधलेला आहे म्हणून मी सांगते आहे आणि हे लिहून घेत आहेत. (शुद्धलेखनाची जबाबदारी लेखकाची. तुझा भाऊ.) मधे मधे काही घालू नका असं बजावलंय, तरी घातलंच बघा.

शस्त्रक्रिया नीट झाली. दीड महिना नुकताच सरला, हाताची बोटं हलवता येतात. डॉक्टर म्हणतात, असाच धीर धरा. धीर म्हणजे काय ते त्यांनी आमच्या घरी येऊन बघावं. सकाळी उठते आणि आधी ठकीच्या खोलीत जाते. पलंगावर कुणी झोपलेलं नसतं तरी एका हातानं चादर ओढून नीट करते. (दिवसातून चारदा.) तीनदा. मग खिडकी उघडते. मग दुसऱ्या खोलीत येते. मग पुन्हा जाते. दूध अजून एका मापानं जास्त घेतलं जातं, दूधवाल्याला कमी कर म्हणायला तोंड उघडत नाही. मग उरलेलं हे पितात. (नाइलाजानं.)

पहिल्या रविवारी भेटायला गेलो तेव्हा ती त्या दिसत नसलेल्या बाईबरोबर हसत होती. इतकी हसत होती की खुर्ची हलत होती. मी विचारलं काय झालं, तर ती बाई म्हणाली, "आमचं आहे काहीतरी." आमचं! मी डाव्या हातानं तिचे केस सारखे केले, रुमालानं तोंड पुसलं. तिनं पुठ्ठ्याकडे डोळे केले. मदतनीसानं ओळी दाखवल्या. "आई, बस." त्या दिवशी मी खूप वेळ नुसती बसले होते. कसं बसायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मांडीवर हात कुठे ठेवायचे तेसुद्धा.

आता मुख्य. मंडळाच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. चौघींपैकी एक आपल्या भावाकडे राहायला जाते आहे. जागा रिकामी होते. ठकीला हवं असेल तर ती कायमची तिथे राहू शकते, नाही तर येत्या महिन्यात घरी. आणि कंडक्टरबाई दोन्हीकडे यायला तयार आहे.

मी घरी येऊन जेवले नाही. ह्यांना म्हटलं, मी विचारणार नाही, तुम्ही विचारा. ते म्हणाले, "मी लिहून घेतो, विचारायचं तूच." (हे खरं आहे.)

परवा गेलो. तिला सगळं सांगितलं, दोन्ही बाजूंनी, माझा खांदासुद्धा सांगितला. डॉक्टर काय म्हणाले तेही. घरी आलीस तर उचलायला बाई ठेवू, मी हिशेब केलाय, जमतं, असं सांगितलं. इथे राहिलीस तर मी रोज येणार नाही, असंही सांगितलं. मग डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं. हात नवशिका असल्यामुळे हळू चालतो, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. वन्सं, माझ्या मनात शब्द तयार होते, एक घरचा, एक तिथला, दोन्ही जिभेच्या टोकाशी. मी ओठ दाताखाली धरले. बाहेर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं, होईना. ठकी मधे दमली, डोळे मिटून बसली. मी बोट तिथेच ठेवलं. तिनं डोळे उघडले, वर पाहिलं. पुन्हा ओळी.

ह्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "अजून ठरवलं नाही."

मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार? लग्न ठरलं तेव्हा मला एका दुपारचाही वेळ दिला नव्हता कुणी, आणि मीही मागितला नव्हता. ही बसली आहे विचार करत, हनुवटीखाली रुमाल घेऊन, जणू मोठ्या कचेरीतला अधिकारी. मंडळाच्या बाई म्हणाल्या, जागा महिनाभर ठेवू. कंडक्टरबाई म्हणाली, "मॅडमना घाई करायची नाही कुणी." माझ्याकडेच बघून म्हणाली.

दाराशी येऊन मी परत वळले नाही. (वळली. एकदाच.)

तुमचं कार्ड काल आलं, येत्या रविवारी येते म्हणून. सात वर्षांनी तुम्ही याल म्हणून जीव सुखावला, हे नाकारत नाही. खोली स्वच्छ आहे, तुमच्यासाठी उशी काढून ठेवली आहे. पण रविवार तिचा आहे, त्या दिवशी तिच्याकडे कुणी यायचं ते मी परस्पर कसं ठरवणार? तिला विचारते. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो, तुम्हाला कल्पना आली असेल. तोवर तिकीट काढू नका.

तुमची भावजय